लक्ष्यवेधी रायफलीची रचना : गुणदोषांच्या निकषाचा विचार

रायफलीच्या रचनेसंबंधी लिहिताना एक समजूत वारंवार गृहीत धरली जाते. ती अशी की, उत्तम सैनिकी रायफल घेऊन तिची नळी अधिक काटेकोर केली आणि दस्ता नेमबाजाच्या खांद्यास बसता केला म्हणजे स्पर्धेची रायफल सिद्ध होते. इतिहासात अशा रायफली झाल्या, हे खरे आहे; तथापि रचनेच्या मूल्यमापनात ही समजूत दिशाभूल करते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बोल्ट पद्धतीचा सर्वमान्य आदर्श म्हणजे माउझरची १८९८ ची जर्मन रायफल. बोल्टच्या पुढील टोकाशी दोन भक्कम दाते, त्यांच्या साहाय्यास मागे तिसरा दाता, काडतुसाची कड घट्ट पकडणारा लांब आकडा आणि जोरदार स्प्रिंगने पुढे झेपावणारी जड फायरिंग पिन, ही तिची वैशिष्ट्ये होत. चिखलात व कडाक्याच्या थंडीतही काडतूस पेटलेच पाहिजे, हा त्यामागील हेतू होता. स्पर्धेच्या मैदानावर ना चिखल असतो ना शत्रू. तेथे एकच गोष्ट मागितली जाते : प्रत्येक गोळी मागील गोळीसारखीच सुटावी. म्हणून माउझरचे गुण तेथे निरुपयोगी ठरतात असे नव्हे. पण तेथे त्यांची किंमत नव्याने ठरवावी लागते.

ब्रिटिश ली-एन्फील्ड रायफलीचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. तिच्या बोल्टचे दाते मागे असतात. बार उडताना बोल्ट व त्याभोवतीची चौकट किंचित दबते व ताणली जाते, आणि नळी उभ्या दिशेने कंप पावते. पाठ्यपुस्तकी दृष्टीने हा दोषच होय. परंतु इंग्लंडमधील बिस्ले येथे ९०० ते १००० यार्डांवर हीच रायफल नावाजली गेली. मंद गोळी नळीत क्षणभर अधिक राहते. तेवढ्यात नळीचे तोंड आणखी वर उचलले गेलेले असते. त्यामुळे ती अधिक उंच कोनातून सुटते आणि दूर जाऊन तिला येणारी घट आपोआप भरून निघते. जवळच्या अंतरावर मात्र हाच कोनभेद गोळ्यांचा उभा पसारा वाढवितो. गुण कोणता आणि दोष कोणता, याचा निर्णय येथे अंतराने व काडतुसांच्या असमान वेगाने केला. काडतुसे जसजशी एकसारखी होतील, तसतसे या गुणाला कार्यच उरणार नाही.

५० मीटरच्या ५.६ मिलिमीटर रायफलींत मागून अडकणारा बोल्ट सर्रास स्वीकारला जातो, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. त्या लहान काडतुसाचा दाब सैनिकी काडतुसाच्या निम्म्याहूनही कमी असल्याने चौकट ताणली जाण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. शिवाय एकेक काडतूस हाताने भरावयाचे असल्यास चौकटीचा तळ अखंड राखता येतो आणि ती अधिक ताठ होते.

आता शीघ्रतेच्या आग्रहाकडे वळू. चाप सुटल्यापासून पिन आदळेपर्यंतचा काळ शक्य तितका कमी असावा, हा रचनाकारांचा आवडता सिद्धांत आहे. थोडे गणित करून पाहावे. उभ्या स्थितीत नेम लक्ष्यावर सेकंदास १०० मिलिमीटर सरकत आहे असे समजू. हा काळ ५ सहस्रांश सेकंदांवरून २ वर आणला, तर लाभ ०.३ मिलिमीटरचा. उलट, सेकंदास सुमारे ३२५ मीटर वेगाने सुटलेली गोळी ५० मीटर जाईतो सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. तिचा वेग केवळ ३ मीटरने बदलला तरी आघातबिंदू २ मिलिमीटरहून अधिक सरकतो. पिन हलकी व स्प्रिंग मऊ करताना आघात दुबळा वा अनियमित झाला, तर जिंकलेला क्षण वेगाच्या चढउतारात गमावला जाईल. दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या तुलनेचे महत्त्व पटते. शीघ्रता इष्ट खरीच. पण समानतेचा बळी देऊन नव्हे.

म्हणून रायफलीच्या एखाद्या अंगाची सुटी स्तुती करणारे परीक्षण अपुरे होय. अंतर, काडतूस, स्पर्धेचे नियम आणि नेमबाजाचा देह या चौकटीतच त्या अंगाचा विचार झाला पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर तीन स्थितींच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तिन्ही स्थितींत एकाच रायफलीला त्याच देहाशी तीन वेगवेगळ्या प्रकारांनी जुळावे लागते. अशा यशाचे श्रेय केवळ हाताला किंवा केवळ हत्याराला देणारे लेखन हे जुळणे पाहतच नाही. मराठीत या विषयाचा अभ्यास व्हावयाचा असेल, तर त्याचा आरंभ तेथूनच करावा लागेल.