पाठ्यपुस्तकातील खेडे : प्रारंभिक समाजशास्त्राच्या संकल्पनांचे एक परीक्षण

पदवी परीक्षेसाठी लिहिलेल्या समाजशास्त्राच्या मराठी क्रमिक पुस्तकांची मांडणी बहुधा एकाच साच्याची असते. आरंभी समाज, समुदाय, मंडळ व संस्था यांच्या व्याख्या येतात. मागून कोंत, स्पेन्सर, दुर्खीम, वेबर यांचे सिद्धान्त येतात. आणि भारतीय उदाहरणे प्रकरणाच्या शेवटी पुरवणीसारखी जोडलेली असतात. या मांडणीत उदाहरणाला व्याख्येचा दाखला एवढेच स्थान मिळते. व्याख्या तपासण्याचा अधिकार त्याला राहत नाही. हा दोष कोठवर पोचतो हे पाहण्यास वर्धा जिल्ह्यातील देवळीसारखे एखादे गाव पुरेसे आहे.

देवळी हे वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तालुक्याचे ठिकाण. तेथे नगरपरिषद आहे. म्हणून जनगणनेच्या हिशेबी ते शहर ठरते. किमान 5,000 लोकवस्ती, दर चौरस किलोमीटरला 400 जणांची दाटी आणि कामकरी पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरील व्यवसायात, या जनगणनेच्या तीन अटी आहेत; परंतु नगरपालिका असलेल्या ठिकाणास त्या लावल्या जात नाहीत. उलट, लुई वर्थ यांनी 1938 मध्ये संख्या, घनता व विविधता या लक्षणांवरून नागर जीवनपद्धतीची उपपत्ती मांडली. पाठ्यपुस्तके या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतात. पण एक प्रशासनाची सोय आहे व दुसरा समाजजीवनाविषयीचा सिद्धान्त आहे, हा भेद स्पष्ट करीत नाहीत. बाजारावर पोसलेल्या आणि तरीही भोवतालच्या शेतीत गुंतलेल्या गावासाठी मराठीत ‘कसबा’ हा जुना शब्द आहे. परिभाषेत त्याला स्थान मिळालेले नाही.

अधिक गंभीर प्रश्न दुर्खीमविषयी उद्भवतो. श्रमविभागणीवरील 1893 च्या ग्रंथात त्यांनी यांत्रिक व सेंद्रिय एकतेचा भेद सांगितला. क्रमिक पुस्तकांत त्याचे रूपांतर ‘खेडे यांत्रिक, शहर सेंद्रिय’ अशा सोप्या समीकरणात होते. परंतु सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट यांच्या कामांवर चालणारे खेडे केवळ साम्याच्या बळावर एकत्र राहिलेले नव्हते. तेथे श्रमविभागणी होतीच; मात्र ती जन्माने ठरलेली होती. अशा लादलेल्या विभागणीचा विचार स्वतः दुर्खीम यांनी त्याच ग्रंथाच्या अखेरच्या भागात ‘सक्तीची श्रमविभागणी’ म्हणून केला आहे. बहुतेक पुस्तकांतून हा भाग गळतो. तो गळल्यामुळे, जातिव्यवस्था ही श्रमाची नसून श्रमिकांचीच विभागणी होय, हा डॉ. आंबेडकरांचा 1936 मधील आक्षेप विद्यार्थ्याला सिद्धान्ताच्या प्रकरणात भेटत नाही. तो ‘समाजसुधारक’ या सदरात ढकलला जातो. वास्तविक 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींची उत्पत्ती व यंत्रणा यांवर निबंध वाचणाऱ्या या अभ्यासकाचे स्थान दुर्खीमच्या शेजारीच आहे.

परिभाषेच्या उसनवारीनेही असाच घोटाळा होतो. विल्यम वायझर यांनी 1936 मध्ये उत्तर हिंदुस्थानातील एका गावावरून जजमानी पद्धती वर्णिली. तीत सेवा देणारे कुटुंब ठरावीक कुटुंबांशी बांधलेले असते. मराठी मुलखातील बलुतेदार मुख्यतः गावाचा वतनदार. खळ्यावरील त्याचा वाटा गावकीच्या हक्काने येई. बलुत्याला जजमानीचा मराठी प्रकार म्हटले की हा भेद पुसला जातो. त्रिं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ 1915 पासून उपलब्ध असताना हे व्हावे, याचा खेद वाटतो.

मात्र आत्रे यांचे विवेचनही देवळीला जसेच्या तसे लागू पडत नाही. त्यांच्यासमोरचे खेडे रयतवारीतले होते. वर्धा जिल्हा 1862 मध्ये नागपूरपासून वेगळा झाला, आणि या मुलखात इंग्रजी अमलात मालगुजारांना गावांची मालकी मिळाली. ती 1950 च्या कायद्यान्वये 1951 मध्ये संपली. देवळीहून यवतमाळच्या वाटेने वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड लागते, आणि तेथे रयतवारी होती. दोन्ही तीरांवर भाषा मराठी, पीक कापसाचे. पण जमिनीवरील हक्काची, म्हणून गावातील सत्तेचीही, घडण निराळी. त्यातच 1867 मध्ये नागपूरपर्यंत आलेल्या लोहमार्गाने येथील कापूस मुंबईच्या बाजाराशी जोडला. ज्वारीचा वाटा खळ्यावर मोजून देता येतो. कापूस बाजारात जातो आणि रोकड होऊन परततो. अशा गावात बलुत्याचे काय झाले, याचे उत्तर व्याख्येतून मिळणार नाही. ते जुन्या दप्तरांत व वृद्धांच्या आठवणींत शोधावे लागेल.

यावर असा आक्षेप संभवतो की, आरंभीच्या विद्यार्थ्याला निश्चित व्याख्या हव्यात; प्रत्येक गाव निराळे म्हटल्यास शास्त्रच उरणार नाही. आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करावा लागेल. मॅकआयव्हर यांनी समुदायासाठी सांगितलेली दोन अधिष्ठाने, समान स्थान व सामुदायिक भावना, आजही उपयोगाची आहेत. पण ती पाठ करून हा उपयोग साधत नाही. ज्यांची वस्ती गावकुसाबाहेर ठेवली गेली आणि ज्यांना गावच्या विहिरीवर मज्जाव होता, त्यांच्या ‘आम्ही’ या भावनेत गाव कितपत सामावले होते, असे विचारले म्हणजे व्याख्येचे दोन घटक एकमेकांपासून सुटतात, आणि समुदाय ही संकल्पना काय झाकते व काय दाखवते हे कळते. त्या वस्तीतून आलेला विद्यार्थी वर्गात बसलेला असतो. ‘खेडे म्हणजे प्राथमिक संबंधांचा एकजीव समुदाय’ हे वाक्य त्याने परीक्षेत निमूटपणे लिहावे अशी अपेक्षा करणे, हे शास्त्रीय शिस्तीचे लक्षण नव्हे.

आक्षेपाच्या उत्तरार्धाला वर्धा नदीचे दोन तीर हेच उत्तर आहे. बहुतेक घटक समान ठेवून एकच बदललेला असताना तुलना करणे, हा समाजशास्त्रातील सामान्य विधानांकडे जाण्याचा जुना व भरवशाचा मार्ग आहे. क्रमिक पुस्तकाचे पहिले प्रकरण अशा एका तुलनेने सुरू झाले, तर मागून येणाऱ्या व्याख्या कशासाठी लागतात हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक झालेले असेल.