राजमंडळ : जुनें आणि नवें

सांप्रत तरुणांच्या हातीं असलेल्या करमणुकीच्या साधनांचा विचार वाङ्मयविषयक मासिकांत कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्या वयांत आमच्या पिढीनें ऐतिहासिक कादंबऱ्या वाचून इतिहासाचें चित्र मनांत रंगविलें, त्याच वयांत आजचीं मुलें तें चित्र संगणकावरील डावपेंचांच्या खेळांतून रंगवीत आहेत. कादंबरीची परीक्षा करणें हें जर टीकाकाराचें काम असेल, तर या खेळांकडे पाठ फिरविणें त्यास शोभणार नाहीं. गेल्या सुटींत माझ्या भाच्यानें 'सिव्हिलायझेशन' हा खेळ मला उलगडून दाखविला. त्यांतील राष्ट्रनायकांची चित्रमालिका पाहून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, आपल्या जुन्नरचा यांत कोणीच कसा नाहीं?" प्रश्न प्रथम पोरकट वाटला, परंतु उत्तर शोधूं लागलों तेव्हां त्यांत एका मोठ्या प्रश्नाचें बीज आढळलें.

सिड मायर आणि ब्रूस शेली यांनीं रचलेला हा खेळ १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झाला. खेळणारानें एक राष्ट्र निवडावें, इसवी सनापूर्वीं चार हजार वर्षे या काळीं पहिलें नगर वसवावें, आणि शेती, लिपि, तोफा, आगगाड्या असें करीत थेट अंतराळयानापर्यंत पोहोंचावें, असा त्याचा क्रम आहे. नायक मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकच. त्यास जरा नाहीं आणि मरणही नाहीं. पहिल्या आवृत्तींत चौदा राष्ट्रें होतीं. त्यांत सीझर, नेपोलियन, लिंकन यांच्या पंक्तीस झुलूंचा शाका, अझ्टेकांचा माँटेझुमा आणि आमचे महात्मा गांधी होते. स्त्री मात्र एकटी एलिझाबेथ राणी. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीनें प्रत्येक राष्ट्रास एक पुरुष व एक स्त्री असे दोन नायक दिले, तेव्हां गांधींच्या जोडीस इंदिरा गांधी आल्या. २००५ च्या चौथ्या आवृत्तींत अशोक आला. सहाव्या आवृत्तीस २०१८ सालीं जोडलेल्या भागांत चंद्रगुप्त आला. हा विस्तार स्तुत्य आहे. शाळेच्या पुस्तकांत ज्यांचें नांवही येत नाहीं अशीं कित्येक राष्ट्रें मुलांस या खेळामुळें निदान नांवानें तरी परिचित झालीं.

परंतु पुष्कळ चेहरे म्हणजे पुष्कळ संस्कृति नव्हे. पोषाख निरनिराळे, भाषा निरनिराळ्या, पार्श्वसंगीतही त्या त्या देशाचें. आणि कृति मात्र सर्वांची एकच. नगरें वसवावीं, सीमा रुंदवाव्या, शेजाऱ्यास मागें टाकावें. २०१८ सालीं कॅनडांतील क्री लोकांचा नायक पाउंडमेकर या खेळांत आला, तेव्हां त्याच्याच नांवानें ओळखल्या जाणाऱ्या क्री राष्ट्राच्या एका प्रमुखानें याच कारणास्तव आक्षेप घेतला. भूमि जिंकणें हें आमच्याही पूर्वजांचें ध्येय होतें असा समज या चित्रणामुळें दृढ होतो, असा त्याचा आशय होता. आमच्या मतें हा आक्षेप मर्मावर बोट ठेवणारा आहे. गांधींची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. मूळ खेळांतील गणिती चुकीमुळें ते अणुबाँब टाकीत, ही आख्यायिका जगभर पसरली. अशी चूक मुळीं नव्हतीच, असें खुद्द मायर यांनीं २०२० सालच्या आपल्या आत्मवृत्तांत सांगून टाकलें आहे. मौजेची गोष्ट ही कीं, २०१० च्या पांचव्या आवृत्तींत रचनाकारांनीं गांधींची अण्वस्त्रप्रीति हेतुतः वाढवून ठेविली. विनोद म्हणून तो खपून जातो. पण ज्या खेळांत अहिंसेस स्वतंत्र असें कर्तृत्वच नाहीं, त्यांत गांधींच्या वांट्यास विनोदाखेरीज दुसरें काय येणार?

आतां जुन्नरकडे वळूं. येथून पश्चिमेस, जीवधन किल्ल्याच्या शेजारीं, कोंकणांत उतरणारा नाणेघाट आहे. घाटाच्या तोंडाशीं जें लेणें आहे, त्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं सातवाहनांनीं आपलें राजमंडळ कोरविलें होतें. मूर्ति कधींच नष्ट झाल्या. त्यांच्या माथ्यावरील ब्राह्मी लिपींतलीं नांवें उरलीं आहेत. सिमुक, सातकर्णि, त्याची राणी नागनिका, कुमार, आणि त्यांच्याच ओळींत महारठी त्रणकयिर, ज्यास बहुतेक अभ्यासक राणीचा पिता मानतात. हें मंडळ खेळांतील मंडळाशीं ताडून पाहावें. येथें राजा एकटा नाहीं. पत्नी, पुत्र, सोयरा यांच्यासह तो उभा होता, कारण त्याची सत्ता त्यांच्या आधारानें उभी होती. बाजूच्या भिंतींवर राणीचा दीर्घ लेख आहे. त्यांत यज्ञांच्या निमित्तानें दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण यांचे आंकडे आहेत. संगणकाच्या पडद्यावरही आंकडेच असतात; पण ते मिळविलेल्या संपत्तीचे असतात, आणि नाणेघाटांतील आंकडे दिलेल्या संपत्तीचे आहेत. राजेपणाची ही दुसरी कल्पना होय. आणि संस्कृतीचें वैचित्र्य पोषाखांत नव्हे, तर अशा कल्पनांत असतें.

२०२५ सालच्या सातव्या आवृत्तीनें एक धाडस केलें आहे. तिच्यांत नायक आणि राष्ट्र यांची गांठ सोडविली असून, कोणताही नायक कोणत्याही राष्ट्राचें आधिपत्य करूं शकतो. युग पालटलें कीं राष्ट्रही पालटतें. अशोकानें रोमवर राज्य करावें हें काय, म्हणून पुष्कळांनीं या योजनेची थट्टा केली. जुन्नरच्या मनुष्यास मात्र या थट्टेंत सामील होतां येत नाहीं. मानमोडीच्या लेण्यांत शक महाक्षत्रप नहपान याच्या अयम नांवाच्या अमात्याचें दान कोरलेलें आहे. येथील लेण्यांस दान देणारांत इरिल, चिट, चंद हे यवन आहेत. १४९० सालीं बहामनींचें सैन्य मोडून येथूनच स्वतंत्र झालेला मलिक अहमद निजामशहा, याचा पिता मूळचा ब्राह्मण कुळांतला होता असें फिरिश्ता सांगतो. पुढें जुन्नर कांहीं काळ निजामशाहीची राजधानी झालें तें मलिक अंबराच्या कारकीर्दींत; आणि अंबर तर हबसाणांत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला पुरुष. त्याच निजामशाहीच्या चाकरींत भोंसले वाढले, आणि १६३० सालीं शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. दूरदेशींचा नायक आणि येथली भूमि यांचा योग आम्हांस नवा नाहीं.

मग उणीव कोठें राहिली? ती अशी कीं, खेळांत हा योग बोटाच्या एका स्पर्शानें घडतो. इतिहासांत तो गुलामांच्या बाजारांतून, समुद्रावरून, अनेक धन्यांच्या हातांखालून घडला. ती वाट गाळली म्हणजे अंबर हा केवळ एक अपरिचित पोषाख उरतो.

याच आवृत्तींत सिंहासनावर कधींही न बसलेल्या व्यक्ति नायक झाल्या आहेत. अमेरिकेंतील गुलामांस रात्रीच्या वेळीं रानावनांतून मुक्तीच्या वाटेला लावणारी हॅरिएट टबमन ही त्यांपैकीं एक. पण तिला मिळालेला विशेष गुण पाहावा : झाडींतून जातांना तिच्या पथकांची गति मंदावत नाहीं! ज्या रानानें पळणारांस आसरा दिला, तें येथें फौजेच्या कूचासाठीं उपयोगांत आलें. हें वाचतांना मला आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळ गांवच्या बाबू गेनूची आठवण झाली. मुंबईच्या गिरणींत काम करणारा हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजीं परदेशी कापडाची मोटार अडविण्यासाठीं तिच्यापुढें आडवा झाला आणि चिरडला गेला. उद्यां कोणी त्यास या खेळांत आणिलें, तर त्याच्या आडवें होण्याचें रूपांतर कशांत होईल? शत्रूचा व्यापार इतके टक्के कमी, याहून अधिक कशांत नव्हे, अशी मला भीति वाटते. याच तालुक्याचें मूळ आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. खेळांत धरण बांधलें कीं पुराचें भय जातें. बुडालेल्या गांवाचा आंकडा पडद्यावर कोठेंही उमटत नाहीं. नायकाच्या आसनावरून पाहणारास तो दिसत नाहीं, आणि खेळ आपणांस सदैव त्याच आसनावर बसवितो.

एवढें म्हणूनही हा खेळ मुलांच्या हातून काढून घ्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. तीसपस्तीस वर्षांत त्यानें आपलें राजमंडळ पुष्कळ विस्तारलें, टीका ऐकून घेतली, आणि नायक म्हणजे राजाच ही समजूतही सोडली. आतां त्यानें नायकांच्या संख्येपेक्षां नायकत्वाच्या प्रकारांकडे लक्ष द्यावें. देणें, अडविणें, आसरा देणें, दुसऱ्याच्या भूमीस आपली मानून तिची व्यवस्था लावणें, यांसही विजयाचे मार्ग मानावें. तसें होईपर्यंत उरलेलें काम घरांतील वडील मंडळींचें आहे.

भाच्यास मीं तोंडीं उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याला घेऊन नाणेघाटांत गेलों. जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण पाहून झाल्यावर तो लेण्याच्या मागल्या भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला. नंतर म्हणाला, "मामा, यांचे चेहरे नाहींत, तरी कोण कोणाच्या शेजारीं उभें होतें तें कळतें." खेळाच्या रचनाकारांस सांगण्यासारखें याहून अधिक मजजवळही कांहीं नाहीं.