दोन टक्क्यांचे उद्दिष्ट : राष्ट्रीय विज्ञान धोरणांची एक चिकित्सा

प्रस्तावना :
1958 च्या विज्ञान धोरण ठरावापासून भारताने विज्ञानाला राष्ट्रउभारणीचे साधन मानले आहे. 2003 च्या विज्ञान व तंत्रज्ञान धोरणाने दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीपर्यंत, म्हणजे 2007 पर्यंत, या क्षेत्रावरील गुंतवणूक स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या किमान दोन टक्के करण्याचे उद्दिष्ट ठेवले. 2013 च्या धोरणाने त्याच उद्दिष्टाचा पुनरुच्चार केला. प्रत्यक्षात 2020-21 मध्ये संशोधनावरील खर्च 0.64 टक्केच होता. याच सुमारास चीनचे प्रमाण 2.4, तर दक्षिण कोरियाचे 4.8 टक्क्यांच्या आसपास होते. प्रस्तुत लेखात या धोरणांची चिकित्सा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात केली आहे.

संशोधनाचे फलित :
राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना 1968 मध्ये झाली. मृदुला, आरक्ता आणि भगवा हे डाळिंबाचे वाण याच विद्यापीठाची देणगी होत. भारतीय डाळिंबाच्या निर्यातीत आज भगव्याचाच वाटा मोठा आहे. तथापि, त्याच्या वंशावळीतील गणेश हा वाण डॉ. चीमा यांनी 1930 च्या दशकात पुण्याच्या गणेशखिंड केंद्रावर निवडला होता. त्या निवडीपासून परदेशी बाजारपेठेपर्यंतचा प्रवास अनेक दशकांचा आहे. पुढे तेल्या रोगाने बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा मिळवलेली स्पर्धाक्षमता टिकविण्यासाठीही अखंड संशोधन लागते, हे स्पष्ट झाले.

दुसरे उदाहरण नगरमधील वाहन संशोधन व विकास संस्थेचे (व्हीआरडीई). संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या या प्रयोगशाळेने टाटा उद्योगसमूहाच्या सहकार्याने आठ चाकी चिलखती वाहन विकसित केले. त्याच्या उत्पादनाचा कारखाना सप्टेंबर 2025 मध्ये मोरोक्कोत सुरू झाला. या दोन्ही उदाहरणांत सार्वजनिक निधी, स्थिर संस्था आणि दीर्घ मुदत यांचा संयोग दिसतो.

तांत्रिक मनुष्यबळाचा प्रश्न :
1983 मध्ये राज्य शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि प्रवरा परिसरातील लोणीसारख्या ग्रामीण भागात तंत्रशिक्षण पोहोचले. शेतकऱ्यांची मुले अभियंते झाली, हे या निर्णयाचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु महाविद्यालय म्हणजे पदवी देणारी संस्था, आणि संशोधन इतरत्र, ही विभागणी कायम राहिली. 2020-21 मध्ये देशाच्या संशोधन खर्चात उच्च शिक्षण क्षेत्राचा वाटा अवघा 8.8 टक्के होता. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाला पुढील वर्षीच्या नियुक्तीचीच शाश्वती नसते. त्याने पाच वर्षांचा प्रयोग कोणत्या भरवशावर हाती घ्यावा? आणि ज्या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकाला संशोधन करताना पाहिलेच नाही, तो संशोधक कसा व्हावा?

मर्यादित निधी नामवंत संस्थांनाच द्यावा, असा युक्तिवाद केला जातो. महागडी उपकरणे सर्वत्र असू शकत नाहीत, एवढ्यापुरता तो मान्य करता येईल. मात्र त्या संस्थांत जाणारे विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांतूनही येतात, ही बाब त्यात दुर्लक्षिली जाते.

निष्कर्ष :
2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये अपेक्षित आहेत; पैकी 14,000 कोटीच केंद्र शासनाचे असून उर्वरित रक्कम प्रामुख्याने उद्योग व देणगीदारांकडून यावयाची आहे. परंतु 2020-21 मध्ये संशोधन खर्चातील खाजगी उद्योगांचा वाटा 36.4 टक्केच होता. त्यामुळे ही अपेक्षा फलद्रूप होईलच, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. दोन टक्क्यांचे उद्दिष्ट योग्यच आहे. परंतु टक्केवारी हे केवळ माप आहे. कायम अध्यापकपदे, महाविद्यालयांसाठी दीर्घ मुदतीचे छोटे प्रकल्प आणि राहुरी व व्हीआरडीईसारख्या शेजारच्या संस्थांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांना प्रवेश, या तीन गोष्टी धोरणात बंधनकारक झाल्याशिवाय तिसऱ्यांदा दिलेले वचनही कागदावरच राहील, असे वाटते.