महामत्स्य आणि श्येन

श्रमलेल्या माणसाला गाढ झोंप लागते आणि गाढ झोंपेंत स्वप्न नसतें, ही समजूत आमच्या कथा-कादंबऱ्यांतून इतकी रुळली आहे, कीं तिची परीक्षा घ्यावी असें कोणास वाटत नाहीं. शेठजी मऊ गादीवर कूस बदलीत पडले आहेत आणि त्यांचा गडी ओट्यावर घोंगडी अंथरून घोरत आहे, हें चित्र आम्हीं आजवर किती वेळां वाचलें असेल याची गणती नाहीं. लेखकाची सहानुभूति गड्याकडे असते हें खरें. परंतु ती देतां देतां तो त्याच्याकडून एक वस्तु हळूच काढून घेतो. त्याला स्वप्न पडूं देत नाहीं. स्वप्नें पडावयाचीं तीं कवींना, विरही तरुणांना आणि फार झालें तर पापी सावकाराला! या समजुतीचें मूळ जुनें आहे, आणि तें या कथांहून पुष्कळच सूक्ष्म आहे.

बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायाच्या तिसऱ्या ब्राह्मणांत याज्ञवल्क्य जनकाला पुरुषाच्या अवस्था समजावून सांगतो. तेथें दोन दृष्टांत लागोपाठ आले आहेत. पहिला महामत्स्याचा. मोठा मासा जसा नदीच्या दोन्ही तीरांना आळीपाळीनें फिरतो, तसा पुरुष स्वप्न आणि जागृति या दोहोंत संचार करितो. दुसरा श्येनाचा. आकाशांत फिरून फिरून थकलेला ससाणा पंख मिटून घरट्याकडे वळतो, तसा हा पुरुष जेथें इच्छा नाहीं व स्वप्नहि नाहीं अशा स्थितीकडे धांव घेतो. थकवा आहे तो फक्त दुसऱ्या दृष्टांतांत. मासा थकलेला नाहीं. भाष्यकारांचें लक्ष आत्म्याच्या असंगतेकडे असल्यामुळें या भेदावर त्यांनीं भर दिला नाहीं, व पुढें आम्ही जो अर्थ लावणार आहों तो आमच्याच माथीं मारावा. परंतु दोन्ही तीर ज्याला ठाऊक आहेत तो अश्रांत, आणि जो श्रांत त्याला घरट्याखेरीज कांहीं दिसत नाहीं, ही जोडी आम्हांस केवळ योगायोगाची वाटत नाहीं.

स्वप्न चालू असतांनाच तें स्वप्न असल्याची ओळख पटावी, ही अवस्था दुर्मिळ असली तरी काल्पनिक नाहीं. तिचें इंग्रजींत रूढ झालेलें नांव फ्रेडरिक व्हॅन एडन या डच लेखकानें व वैद्यानें १९१३ सालच्या आपल्या निबंधांत वापरलें. मराठींत कोणी तिला ‘सजग स्वप्न’ म्हणतात. आम्हांस ‘जाणतें स्वप्न’ हें अधिक घरचें वाटतें. हीं स्वप्नें खरोखर झोंपेंत पडतात कीं अर्धवट जागेपणीं, हा वाद पुष्कळ दिवस चालला. स्वप्नाच्या झोंपेंत शरीराचे स्नायू जखडल्यासारखे शिथिल असतात, पण डोळे हलत असतात. हें हेरून इंग्लंडांतील हल येथें कीथ हर्न यानें १९७५ सालीं एका निद्रिताकडून, आधीं ठरविल्याप्रमाणें, स्वप्नांतूनच डोळे डावी-उजवीकडे फिरविण्याची खूण करविली, आणि ती यंत्राच्या कागदावर उमटली. पुढें स्टॅनफर्ड येथें स्टीफन लाबर्ज यानें स्वतंत्रपणें तेंच सिद्ध केलें.

आतां थकव्याकडे येऊं. रात्रीची झोंप एकजिनसी नसते. आरंभीच्या तिसऱ्या हिश्शांत गाढ झोंपेचा भाग मोठा असतो. स्वप्नांची झोंप सुमारें नव्वद मिनिटांच्या अंतरानें येते व पहांटेकडे तिचे तुकडे लांबत जातात. ज्याची झोंप बुडाली आहे तो निजला, कीं देह प्रथम गाढ झोंपेची थकबाकी वसूल करून घेतो. याज्ञवल्क्याचा श्येन घरट्यांत शिरतो तो येथें. परंतु रात्र तेवढ्यावर संपत नाहीं. पुढें स्वप्नें येतातच, आणि मजुरालाहि येतात. इतकेंच नव्हे, तर स्वप्नाचीच झोंप बुडाली असेल, तर मागाहूनच्या रात्रीं ती अधिक प्रमाणांत येते व स्वप्नें दाटीनें आणि ठसठशीत पडतात. ‘फार थकलों होतों, आणि जाणतें स्वप्न पडलें’ असें सांगणारे लोक भेटतात, ते बहुधा या दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीबद्दल बोलत असतात. त्यांचा अनुभव खोटा नाहीं, कारणमीमांसा चुकली आहे. श्रेय थकव्याचें नसून त्यानंतरच्या विसाव्याचें आहे.

आमचें राहणें कर्जतला आणि नोकरी मुंबईच्या एका महाविद्यालयांत. शंभर किलोमीटर जाणें व तितकेंच येणें, असा पंचवीस वर्षांचा क्रम आहे. गाडी कर्जतहून सुटत असल्यामुळें बसावयास जागा मिळते. आमच्या गांवाचें एवढेंच काय तें वैभव! जाणत्या स्वप्नाचा अभ्यास करणारे सांगतात, कीं पहांटे उठावें, थोडा वेळ जागें राहावें, आणि ‘आतां स्वप्न पडेल तें ओळखीन’ असा निश्चय करून पुन्हां निजावें. या हिशेबानें पहांटेची लोकल ही उत्तम प्रयोगशाळा ठरावयास हवी. चारला उठलेली माणसें भिवपुरी यावयाच्या आंत माना टाकून झोंपलेलीं असतात. परंतु ही झोंप प्रयोगाची नव्हे, परतफेडीची आहे. तिच्यांत शिरतांना निश्चय करावयास लागणारें त्राणच कोणापाशीं उरलेलें नसतें.

आम्ही नऊ वर्षें उशाशीं वही ठेवीत आलों आहों. तींत एक स्वप्न फिरून फिरून आलें आहे. गाडी परतीच्या वाटेवर नेरळहून सुटते आणि पुढचें स्टेशन एकदम खोपोलीच येतें. मध्यें ना भिवपुरी, ना कर्जत, ना पळसदरी. मे महिन्याच्या सुटींत, आठ-दहा रात्री पोटभर झोंप झाल्यावर, हेंच स्वप्न पडलें असतां आम्ही चटकन् उभे राहिलों व मनाशीं म्हणालों, ‘हें शक्य नाहीं, आपण निजलों आहों.’ मग खोपोलीच्या फलाटावर उतरून आम्हीं त्या अशक्य गांवांत पुष्कळ वेळ मजेनें भ्रमण केलें. उलट, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासण्याच्या दिवसांत हेंच स्वप्न पडलें तेव्हां आम्हांस केवळ आनंद झाला, कीं आज गाडी वेळेच्या आधीं पोंचली!

या दोन नोंदींत आमच्या मतें सारें आहे. थकव्यानें स्वप्न मरत नाहीं, विचित्रपणाहि कमी होत नाहीं. मरते ती आठवण. स्वप्न ओळखण्यासाठीं ‘मला कांहींतरी ओळखावयाचें होतें’ हें त्या घटकेस आठवावें लागतें, आणि नेरळपुढें भिवपुरी असतें हेंहि आठवावें लागतें. हें काम मेंदूच्या कपाळामागील भागाकडे आहे. एरवीं स्वप्नांत तो पुष्कळसा विसावलेला असतो, जाणत्या स्वप्नांत थोडा जागा होतो असें मोजक्या माणसांवरील प्रयोगांतून दिसलें आहे. आणि झोंप कमी पडली असतां दिवसाढवळ्याहि तो मंदावतो.

आमच्या वाङ्मयांत या विसराची जाण ज्याला होती असा एक कवि आहे, आणि तो कथालेखकांपैकीं नाहीं. तुकोबांच्या गुरूपदेशाचा प्रसंग स्वप्नांतला आहे हें सर्वांस ठाऊक आहे. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. वाटेंत गुरु भेटले, मस्तकावर हात ठेविला, मंत्र दिला. परंतु भाविक कीर्तनकार ज्यावरून घाईनें पुढें जातात तो तपशील असा, कीं गुरूंनीं भोजनासाठीं पावशेर तूप मागितलें, आणि स्वप्नांत त्याचा आपणांस विसर पडला असें तुकोबा स्वतःच सांगतात. एवढ्या मोठ्या साक्षात्कारांत पावशेर तुपाचा विसर! दुसऱ्या एखाद्या कवीनें हा विसर खात्रीनें गाळला असता. तुकोबा तो गाळीत नाहींत म्हणूनच तें स्वप्न आम्हांस खरें वाटतें. बहिणाबाईंनाहि उपदेश स्वप्नांतच मिळाला. तेथें तळमळ अधिक आहे, पण तपशिलाचा हा करडा प्रामाणिकपणा तुकोबांचाच.

आमच्या नवीन लेखकांकडे हा प्रामाणिकपणा नाहीं, अशी आमची तक्रार आहे. ते श्रमिकाला श्येनाचें घरटें देऊन मोकळे होतात. आमच्या शेजारच्या शेतांत दर आषाढांत भातलावणीला खालापूरकडून एक वयस्क बाई येते. दिवसभर चिखलांत वांकून रोपांच्या मुठी सोडावयाच्या, रात्रीं घरचें करून उशिरां निजावयाचें, आणि कोंबड्याआधीं उठावयाचें. देह थकणें आणि झोंप बुडणें या वस्तुतः दोन निराळ्या गोष्टी आहेत. पोटभर निजावयास मिळालें तर नुसती अंगमेहनत फारशी आड येऊं नये. पण तिच्या वांट्याला दोन्ही एकदम येतात. आम्हीं सहज विचारलें, ‘बाई, या दिवसांत स्वप्न पडतें कां हो?’ ती हंसून म्हणाली, ‘पडतं तर, मास्तर! पन लावनीच दिसते. रातभर हातातली मूठ सुटत नाय.’

या एका वाक्यापुढें आम्हांस घोंगडीवर घोरणारे सारे गडी कागदी वाटूं लागले. बाईला स्वप्न पडत नाहीं असें नाहीं. तिला स्वप्नांतहि सुटी नाहीं. हात थांबविले तरी चालेल, हें शेत खरें नाहीं, हें सांगणारें तिच्या आंत त्या वेळीं कोणी जागें नसतें. एकाच दिवसाची मजुरी ती दोनदां राबते, आणि दुसऱ्या पाळीचे पैसे कोणी देत नाहीं. ज्या लेखकाला श्रमिकाचें दुःख सांगावयाचें आहे त्याच्यासाठीं सामग्री येथें आहे. तो मात्र तिला निर्वेध, निःस्वप्न झोंप बहाल करितो आणि वाचकाला हायसें वाटावयास लावितो. जाणत्या स्वप्नाविषयीं उत्साहानें लिहिणारेहि या दोषांतून मुक्त नाहींत. संकल्प करा, वही ठेवा, अभ्यास करा, असें ते सांगतात. परंतु या विद्येची पहिली फी म्हणजे आठ तासांची झोंप, आणि ती सर्वांना परवडत नाहीं, हें त्यांच्या पुस्तकांत बहुधा येत नाहीं.

पुढें माघांत, भात झोडून कणगींत गेल्यावर, तीच बाई रस्त्यांत भेटली. अंगावर थोडें तेज आलें होतें. आम्हीं पुन्हां तोच प्रश्न केला. ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘परवा माय आली होती. ती मेलेली हाय, हे मला सपनात ठावं होतं. म्हनून बोलले नाय कायी. बोलले असते तर गेली असती.’