चित्र, गीत आणि सूचना : सहाध्यायांच्या आत्मपर निबंधांना दिल्या जाणाऱ्या प्रतिसादाची चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन भाषावर्गात आत्मपर निबंधलेखनाला आता बऱ्यापैकी स्थान मिळाले आहे. विद्यार्थी आपले बालपण, गाव, घर, स्थलांतर, आजारपण यांविषयी लिहितात आणि असे निबंध वर्गात वाचले जातात. त्यांना सहाध्यायांनी केवळ तोंडी अभिप्राय न देता एखादे चित्र, एखादे गीत आणि काही विधायक सूचना अशा तिहेरी स्वरूपात प्रतिसाद द्यावा, हा उपक्रमही काही अध्यापक राबवितात. वरवर पाहता तो रंजक वाटतो. तथापि त्यामागे समीक्षेचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याच्या अनुभवाला उत्तर देणारा वाचक त्या अनुभवापर्यंत पोहोचतो, की स्वतःच्या भावनेचे चित्र त्यावर लावून मोकळा होतो? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने उपक्रमाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

1. आत्मपर निबंध : गुजगोष्टींपासून साक्षीपर्यंत

ना. सी. फडके यांनी मराठी लघुनिबंधाला ‘गुजगोष्टी’ म्हटले. या नावात लेखक आणि वाचक यांची जवळीक गृहीत धरलेली आहे. दोघे एकाच बैठकीत बसलेले आहेत, त्यांचे अनुभवविश्व सारखेच आहे आणि म्हणून स्मितहास्य हा पुरेसा प्रतिसाद आहे. पुढे दया पवार यांचे ‘बलुतं’ (1978), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980), उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (2003) अशा आत्मकथनांनी हे गृहीतक मोडून काढले. वाचक त्याच बैठकीतला असेलच असे नाही, किंबहुना लेखकाला बैठकीबाहेर ठेवणाऱ्या समाजातलाही तो असू शकतो, याची जाणीव या लेखनाने मराठी वाचकाला करून दिली.

आजच्या वर्गात हे दोन्ही प्रकारचे निबंध शेजारीशेजारी वाचले जातात. एकाने पावसाळी सहलीविषयी लिहिलेले असते, तर दुसरीने आईवडील ऊसतोडीला गेल्यानंतर आजीपाशी काढलेल्या महिन्यांविषयी. दोन्हींना ‘छान’, ‘हृदयस्पर्शी’ असा एकच शेरा मिळतो तेव्हा तो शेरा निबंधाविषयी काहीच सांगत नाही. चित्र आणि गीत यांचा उपयोग हा साचा मोडण्यासाठी होऊ शकतो. मात्र त्यांतूनही साचा तयार होतो, हे विसरता येत नाही.

2. सहृदयता आणि तिची मर्यादा

अभिनवगुप्ताच्या मते, काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याचा मनरूपी आरसा स्वच्छ झाला आहे आणि वर्ण्यविषयाशी तन्मय होण्याची योग्यता ज्याच्या अंगी आहे, तो सहृदय होय. आरशाची ही कल्पना प्रस्तुत संदर्भात मार्गदर्शक ठरते. आरशाने समोर जे आहे तेच दाखवायचे असते.

परंतु रसविचारातील साधारणीकरणाची संकल्पना आत्मपर निबंधाला जशीच्या तशी लागू करता येत नाही. विशिष्ट व्यक्तीचे दुःख सर्वांचे होऊन आनंददायी ठरते, हा युक्तिवाद दलित साहित्याच्या संदर्भात अपुरा पडतो, असे शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (1996) या ग्रंथात दाखवून दिले आहे. वर्गातील प्रतिसादालाही हा आक्षेप लागू पडतो. वंचनेच्या निबंधाला गोड चालीचे गीत जोडले की वेदनेचा आस्वाद होतो, आणि वेदनेने विचारलेला प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

3. चित्र : संहितेची कसोटी

वर उल्लेखिलेला ऊसतोडीचा निबंध उदाहरणादाखल घेता येईल. समजा, त्यात मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा एका ओळीत उल्लेख आहे, आईवडिलांना मिळून ‘एक कोयता’ म्हणतात याची नोंद आहे आणि आई गेल्यावर घरातील दांडीवर तिचे एक लुगडे तसेच राहिले, आजीने ते हंगाम संपेपर्यंत काढले नाही, असा तपशील आहे. त्यानंतर ‘आईसारखे दैवत नाही’ या आशयाचा एक परिच्छेद आहे.

या निबंधाला एका सहाध्यायाने महाजालावरून घेतलेले, मावळत्या सूर्यासमोरून जाणाऱ्या बैलगाडीचे छायाचित्र जोडले, तर ते चित्र सुंदर असेल. पण ते या निबंधाचे नसेल. कोणत्याही ग्रामीण लेखनाला ते चिकटवता येईल. दुसऱ्याने पेन्सिलीने केवळ दांडी आणि तीवरचे लुगडे रेखाटले, तर रेषा कच्च्या असूनही हा प्रतिसाद श्रेष्ठ ठरतो, कारण तो संहितेतील एका नेमक्या जागेला हात घालतो. रागमाला चित्रपरंपरेत चित्रकाराने रागाला ऋतू, प्रहर, नायक-नायिका यांचे रूप दिले. तेथेही त्या विशिष्ट रागाचा भाव हेच चित्राचे प्रयोजन होते.

चित्राचा आणखी एक उपयोग आहे. दैवताविषयीचा परिच्छेद रेखाटताना वाचकाचा हात थांबतो, कारण त्यात पाहण्याजोगे काहीच नाही. हे थांबणे हाच विधायक सूचनेचा आरंभ होय. अर्थात जे रेखाटता येत नाही ते सारे त्याज्य, असा याचा अर्थ नव्हे. चिंतनपर वाक्याचे सामर्थ्य चित्रात मावत नाही. परंतु ते चिंतन लेखिकेचे स्वतःचे आहे की सवयीने आलेले, हा प्रश्न चित्रामुळे उपस्थित होतो.

4. गीत : जबाब सवालाच्या अंगाने

गीताने उत्तर देण्याची पद्धत मराठी समाजाला नवी नाही. जात्यावर दोघी समोरासमोर बसून दळत असताना एकीने ओवी धरावी आणि दुसरीने ती उचलावी, ही रीत सर्वपरिचित आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांतून या परंपरेची व्याप्ती लक्षात येते. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जबाबातही जबाब सवालाच्या अंगानेच द्यावा लागतो. विषय सोडून गायलेला जबाब कितीही सुरेल असला तरी तो हार मानला जातो.

हाच निकष वर्गात लावता येईल. ऊसतोडीच्या निबंधाला आईवरचे लोकप्रिय चित्रपटगीत जोडल्यास गीताची कीर्ती निबंधाला झाकून टाकते. श्रोत्यांचे डोळे पाणावतात ते गीतामुळे. याउलट एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या आजीकडून ऐकलेली, दूर गेलेल्या लेकीविषयीची ओवी म्हणून दाखविली, तर निबंधातील न बोलणाऱ्या आजीला आवाज मिळतो. लुगडे न काढण्याचा अर्थ त्या ओवीमुळे उलगडतो. गीत निवडणाऱ्याने ‘हे गीत निबंधातील कोणत्या वाक्याला उत्तर आहे?’ एवढे सांगणे बंधनकारक केल्यास हा भेद वर्गाला सहज कळू शकेल.

5. विधायक सूचना : लेखनाविषयी, जगण्याविषयी नव्हे

पीटर एल्बो यांनी ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ (1973) या ग्रंथात वाचकगटाने प्रतिसाद कसा द्यावा याचे सविस्तर विवेचन केले आहे. मनात राहिलेले शब्द दाखविणे, आशय थोडक्यात सांगणे, वाचताना काय घडले ते कथन करणे आणि रूपकांतून ते दर्शविणे, असे मार्ग ते सुचवितात. लेखकाने मात्र वाद न घालता ऐकावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. चित्र आणि गीत हे या चौथ्या मार्गाचेच विस्तार मानता येतील. सूचना त्यांच्यानंतर यावी, हा क्रम महत्त्वाचा आहे. वाचकावर काय परिणाम झाला हे आधी कळले, तरच सूचना लेखकाला आज्ञेसारखी वाटत नाही.

‘उचलीचा उल्लेख एका ओळीत येतो, तिचा घराच्या निर्णयांशी असलेला संबंध आल्यास आईच्या जाण्यामागची सक्ती स्पष्ट होईल’, ही सूचना लेखनाविषयी आहे. ‘घरच्यांनी उचल घ्यायलाच नको होती’ हा जगण्यावरचा निवाडा आहे. दोहोंमधील सीमारेषा वर्गात वारंवार ओलांडली जाते. त्याचप्रमाणे ‘अधिक मोकळेपणाने लिहावे’ हा निरुपद्रवी वाटणारा सल्लाही तपासून घ्यावा लागतो. जात, कर्ज, घरातील हिंसा यांविषयी किती सांगायचे हे ठरविण्याचा अधिकार लेखकाचाच आहे. उद्या त्याच वर्गात त्याला बसायचे असते.

येथे अध्यापकाची जबाबदारी वाढते. प्रतिसादाला अंतर्गत मूल्यमापनाचे गुण जोडले की विद्यार्थी सुरक्षित स्तुतीकडे वळण्याचा संभव असतो. गुण द्यायचेच असतील तर ते प्रतिसादाच्या नेमकेपणाला द्यावेत, चित्राच्या देखणेपणाला किंवा आवाजाच्या गोडव्याला नव्हे.

समारोप

चित्र, गीत आणि सूचना ही प्रतिसादाची तीन स्वतंत्र अंगे नसून एकाच वाचनक्रियेच्या तीन पायऱ्या आहेत. चित्र निबंधातील जागा दाखविते, गीत त्या जागेला आवाज देते आणि सूचना तेथून पुढची वाट सुचविते. पहिल्या दोन पायऱ्या संहितेपासून सुटल्या तर तिसरीलाही आधार उरत नाही. आईच्या कष्टाचे आयदान आणि आपले लेखन यांची वीण एकच आहे, असे उर्मिला पवार यांनी आपल्या आत्मकथनाच्या शीर्षकातून सुचविले. सहाध्यायाच्या निबंधाला उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याने ती वीण प्रथम बोटांनी चाचपून पाहावी, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. तसे घडल्यास वर्गातील प्रतिसाद हा समीक्षेचा पहिला पाठ ठरेल. अन्यथा निबंध कोणताही असो, त्याला जोडलेला सूर्यास्त तोच राहील.