नावीन्य, नाविन्यता आणि बाबूरावांचा कॅमेरा

‘इनोव्हेशन’ला मराठी प्रतिशब्द म्हणून सध्या ‘नाविन्यता’ रूढ झाला आहे. राज्य सरकारच्या एका विभागाच्या नावातही तो जाऊन बसला आहे. ‘नवीन’पासून ‘नावीन्य’ हे भाववाचक नाम सिद्ध होते. त्याला आणखी ‘ता’ जोडणे म्हणजे भरलेल्या करंजीवर पुन्हा पारी गुंडाळणे. ‘धैर्यता’ आपण म्हणतो काय? मधला दीर्घ ‘वी’ ऱ्हस्व झाला, ते निराळेच!

परंतु माझी खरी तक्रार अर्थाविषयी आहे. नवी वस्तू दिसली की हा शब्द चिकटवावयाचा, अशी चाल पडली आहे. आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांचा विषय निघाला की बहुतेक जण त्यांच्या कॅमेऱ्याकडेच बोट दाखवितात. कौतुक रास्तच आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कॅमेरा विलायतेहून आणला. बाबूरावांनी, बंधू आनंदराव १९१६ साली निवर्तल्यावरही नेट न सोडता, दामल्यांच्या साहाय्याने तो इथेच घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. तथापि ते यंत्र जगाला नवे नव्हते. ती जिद्द होती, कारागिरी होती. तिला तेच नाव शोभते.

मग नवे काय? पौराणिक-ऐतिहासिक कथांचा बहर असताना १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी त्यात होता. तरुण शांतारामबापूंनी तो रंगविला. अंधुक उजेडातली झोपडी आणि रडणारे कुत्रे यांची आठवण पाहणाऱ्यांनी पुढे सांगितली आहे. अशी झोपडी आणि असा सावकार पंचक्रोशीत कोणी पाहिला नव्हता? पडद्यावर दाखवावा असे मात्र फार थोड्यांना वाटले होते.

यासाठी मला ‘नवोन्मेष’ पटतो. उन्मेष म्हणजे डोळा उघडणे. काश्मीरच्या भट्टतौताने प्रतिभेची व्याख्या करताना हाच शब्द योजला. जिभेला तो जड जातो, हे कबूल. पण ‘नाविन्यता’ तरी कुठे हलकी आहे?

१९३६ साली बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ बोलपट म्हणून पुन्हा काढला. ध्वनी हे त्या काळचे मोठेच नवल. तरी दोहोंत नवोन्मेष कोणता असे विचाराल, तर मी मूकपटाकडेच बोट दाखवीन. बोलपटात त्या शेतकऱ्याला आवाज मिळाला, हेही काही थोडे नव्हे म्हणा!