‘कॅनिबल होलोकॉस्ट’ : रिळे जाळण्याचा अधिकार कोणाचा?

भयपट हा प्रकार आपल्या समीक्षेने दखलपात्र मानलेला नाही. भुतेखेते, रक्त, किंकाळ्या हा फावल्या वेळेचा माल, असे समजून आपण पुढे जातो. पण पडद्यावर भीती कोणाची दाखवली जाते आणि कोणाला पाहून घाबरायला सांगितले जाते, हा प्रश्न करमणुकीचा नाही. तो समाजव्यवस्थेचा आहे. म्हणून रुजेरो देओदातो या इटालियन दिग्दर्शकाच्या १९८० सालच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’विषयी येथे लिहितो आहे. हा चित्रपट मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा अर्ध्यावर बंद केला. दुसऱ्यांदा शेवटपर्यंत पाहिला, तो २०१६ सालच्या उनाच्या घटनेनंतर.

कथा थोडक्यात अशी. चार गोरे अमेरिकन तरुण माहितीपट काढण्यासाठी ॲमेझॉनच्या जंगलात जातात आणि परत येत नाहीत. त्यांच्या शोधात गेलेल्या प्राध्यापक मन्रो यांना त्यांची हाडे सापडतात, आणि हाडांसोबत रिळांचे डबे. न्यूयॉर्कला आणून ती रिळे धुतली जातात. दूरचित्रवाणी कंपनीला ती प्रक्षेपित करायची आहे. प्राध्यापक ती पाहतात आणि त्यांच्याबरोबर आपणही पाहतो.

हरवलेल्या माणसांनी चित्रित केलेली फीत मागाहून सापडते, ही युक्ती पुढे १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने जगभर पोहोचवली. देओदातोने ती वीस वर्षे आधी वापरली, आणि माझ्या मते अधिक अर्थपूर्ण रीतीने वापरली. हलणारा कॅमेरा, ओरखडे पडलेली फीत, मध्येच गेलेला आवाज यांमुळे खोटे खरे वाटते. इतके खरे, की इटलीत चित्रपट जप्त झाला आणि नट जिवंत असल्याचे दिग्दर्शकाला दाखवून द्यावे लागले. पण तंत्राची ही करामत या चित्रपटाचे खरे सामर्थ्य नव्हे.

सामर्थ्य आहे ते एका दृश्यात. खांबावर चढवलेल्या आदिवासी मुलीच्या प्रेतापुढे चमूचा म्होरक्या ॲलन उभा आहे. तो हसतो आहे. कॅमेरा चालू असल्याचे सोबती त्याला सांगतो आणि क्षणार्धात त्याच्या चेहऱ्यावर दुःख उमटते. याच मुलीवर या लोकांनी आधी बलात्कार केलेला आपण पाहिला आहे. आपल्या वस्त्यांवर अत्याचार झाल्यानंतर भेटीला येणाऱ्या पुढाऱ्यांचे चेहरे ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही. तसेच झोपड्या पेटवण्याचे दृश्य. जमातीजमातींतील कत्तल म्हणून खपवता यावे यासाठी हे चौघे माणसांना झोपडीत कोंडून आग लावतात, आणि त्यावर रिझ ओर्तोलानीचे गोड, हळवे संगीत वाजत राहते. सुसंस्कृतपणाच्या बुरख्यावर इतका नेमका घाव मी फार थोड्या चित्रपटांत पाहिला आहे.

येथवर हा चित्रपट आपल्या बाजूचा वाटतो. पण तो तसा नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, ज्या गुन्ह्याचा आरोप तो चौघांवर करतो तोच गुन्हा तो स्वतः करतो. कासव, माकडे, डुक्कर यांना कॅमेऱ्यापुढे खरोखर मारले आहे. मी पहिल्यांदा चित्रपट बंद केला तो कासवाच्या दृश्याला. या चौघांचा आधीचा माहितीपट म्हणून जे तुकडे दाखवले आहेत, त्यांत आफ्रिका-आशियातील खऱ्या माणसांना गोळ्या घालतानाची चित्रणे आहेत. मेलेल्यांना नाव नाही. खळबळ विकणाऱ्यांचा निषेध खळबळ विकूनच केला आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘यानोमामो’ हे नाव काल्पनिक नाही. ब्राझील आणि व्हेनेझुएलाच्या सीमेवर राहणारी ती जिवंत माणसे आहेत. हा चित्रपट झाला दूर कोलंबियात, लेतिसियाच्या परिसरात, तेथील स्थानिकांना घेऊन. यानोमामी लोक आपल्या मृतांचे दहन करतात आणि अस्थींची राख केळ्यांच्या पेजेत मिसळून शोकविधीत घेतात. आप्तांना अंतर न देण्याची ही त्यांची रीत. तिच्याऐवजी चित्रपटाने त्यांना कच्चे मांस तोडून खाणारे केले. खरा नरसंहार कोणी केला? १९९३ साली हाशिमू येथे सोने खणणाऱ्यांनी १६ यानोमामींना ठार केले. तेथे कोणाचाही कॅमेरा नव्हता. वाचलेल्यांनी मृतांचे दहन केले आणि राख बरोबर घेऊन ते चालत निघाले. ज्यांना पडद्यावर नरभक्षक ठरवले, ते प्रत्यक्षात आपले मृत सांभाळत होते.

तिसरी गोष्ट चित्रपटाच्या शेवटाची. शेवटची रिळे पाहून कंपनीचे अधिकारी हादरतात आणि सर्व जाळून टाकण्याचा हुकूम सुटतो. प्राध्यापक बाहेर पडतात आणि खरे नरभक्षक कोण, असा प्रश्न स्वतःशी करतात. समीक्षकांनी या प्रश्नाचे कौतुक केले आहे. मला तो पुरेसा वाटत नाही. त्या रिळांत बलात्काराचा, जाळपोळीचा, खुनाचा पुरावा आहे. तो जाळावा की ठेवावा, हे ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांना विचारावे, असे त्या खोलीत एकाच्याही मनात येत नाही. कंपनी धंद्यासाठी दाखवणार होती, प्राध्यापक सभ्यतेसाठी दडवणार होते. दोघांच्याही लेखी आदिवासी हा केवळ विषय आहे, साक्षीदार नव्हे. रिळे वाचली तीही न्यायबुद्धीने नाही, तर कोणीतरी ती चोरून विकली म्हणून, हेही चित्रपटच शेवटी सांगतो.

आता उना. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. ते चित्रण मारणाऱ्यांच्याच बाजूने झाले, दहशत बसावी म्हणून पसरवले गेले. कॅमेरा आपला आहे, तेव्हा सत्यही आपलेच, असा त्यांचा समज होता. ॲलनचाही तोच होता. पण ती फीत आमच्या हाती आली आणि तिचा अर्थ बदलला. सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरे जिल्हाधिकारी कचेरीपुढे आणून टाकली. फीत लाजेने जाळली असती, तर हे घडले नसते.

अत्याचारी माणूस स्वतःच्या कॅमेऱ्यात पकडला जातो, हे देओदातोला १९८० सालीच कळले होते, आणि त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. ती फीत पाहण्याचा पहिला हक्क कोणाचा, हे मात्र त्याला कळले नाही. म्हणून त्याचा चित्रपट ढोंगाचा बुरखा फाडतो, आणि ज्यांच्यासाठी फाडला त्यांना अंधारातच ठेवतो.